चेक जमा झाला म्हणजे पैसे आले असं नसतं: जुनं सामान ऑनलाइन विकणाऱ्या नवख्यांसाठी

मे महिन्यात नीटची परीक्षा झाली की लातूरच्या ट्यूशन एरियात रूम रिकाम्या व्हायला लागतात आणि पोरं कॉट, कूलर, टेबल, पुस्तकांचे गठ्ठे सगळं मोबाईलवर विकायला काढतात, कारण गावाकडं न्यायला टेम्पोचं भाडंच सामानापेक्षा जास्त होतं. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान त्याच भागात आहे, त्यामुळं दर वर्षी दोन-चार पोरं तरी मोबाईल घेऊन काउंटरवर येतात की दादा हे बघा ना, पैसे आलेत का नाही. बहुतेक वेळा आलेले नसतात. आणि नुसती पोरंच नाही, खेड्यातले शेतकरी रोटावेटर, पाण्याची मोटर, जुनी मोटरसायकल असलं विकायलेत ते पण फसायलेत, आणि त्यांची रक्कम मोठी असते. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो, पहिल्यांदाच काही विकणार असाल तर पूर्ण वाचा.

आधी आमच्या दाजींचं सांगतो, म्हणजे हे कसं चालतं ते कळंल. दाजींचं गाव औसा तालुक्यात. रब्बीची पेरणी उरकल्यावर त्यांनी रोटावेटर विकायला टाकला, फोटो टाकले, किंमत ६८,००० ठरली. गिऱ्हाईक म्हणला मी सोलापूरकडचा आहे, तुमच्या बँकेची शाखा आमच्या इथं पण आहे, मी तिथूनच तुमच्या खात्यात चेक टाकतो, तुम्हाला कुठं जायचीच गरज नाही. शुक्रवारी दुपारी साडेतीनला व्हॉट्सॲपवर बँकेच्या स्लिपचा फोटो आला, निळ्या शाईचा गोल शिक्का, दाजींचं नाव, खाते नंबर बरोबर, रक्कम मात्र ८०,०००. थोड्या वेळानं खुद्द बँकेचाच मेसेज आला, तो खोटा नव्हता. मागून मी तो मेसेज स्वतः वाचला, त्यात लिहिलेलं की अमुक नंबरचा ८०,००० चा चेक वसुलीसाठी मिळाला, क्लिअरिंगच्या अधीन. दाजींनी आकडा वाचला आणि खाते नंबर वाचला, शेवटचे दोन शब्द वाचलेच नाहीत. गिऱ्हाईकाचा फोन आला, आमच्या अकाउंटंटनं चुकून १२,००० जास्त लिहिले, तेवढे टेम्पोवाल्याच्या नंबरवर टाकून द्या, भाडं पण त्यातच आहे. शनिवारी सकाळी टेम्पो आला, रोटावेटर चढवला, ताईच्या मोबाईलवरून १२,००० गेले. तो दुसरा शनिवार होता, बँक बंद, दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी चेक क्लिअरिंगला गेला आणि परत आला, कारण ज्याच्यावर काढला होता ते खातंच बंद झालेलं. मंगळवारी दाजींनी पासबुक छापून आणलं तर त्यात चेक परत आल्याची एंट्री आणि वरून बँकेचा चार्ज. रोटावेटर गेला, १२,००० गेले, आणि टेम्पोचा नंबर कुणी लिहून घेतलेला नव्हता.

हाळी हंडरगुळीच्या बाजारात बैलाचे पैसे मोजून झाल्याशिवाय कोणी कासरा समोरच्याच्या हातात देत नाही, आमच्या आज्ज्यापासूनची पद्धत आहे ही, आणि दाजी स्वतः त्या बाजारात बैलं विकून आलेला माणूस. पण मोबाईलवर बँकेचा मेसेज दिसला की माणसाला वाटतं पैसे मोजून झाले.

मेसेज नेमका काय सांगतो

चेक जमा होणं आणि चेक पास होणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा खाते नंबर ज्याला माहिती आहे तो कुणीही तुमच्या नावानं चेक कुठल्याही शाखेतल्या पेटीत किंवा चेक टाकायच्या मशीनमध्ये टाकू शकतो, मशीन पावती पण देतं, त्यावर चेकचा फोटो पण असतो. टाकणारा कोण, चेक कुणाचा, त्या खात्यात पैसे आहेत का, हे त्या वेळी कुणीच बघत नाही. काउंटरवरचा शिक्का पण एवढंच सांगतो की एक कागद आम्हाला मिळाला. पेटीत टाकायच्या स्लिपवर तर शिक्काच नसतो, आणि शिक्का कुणाला पण बनवून मिळतो.

मग तो चेक स्कॅन होऊन समोरच्या बँकेकडं जातो, ती बँक सही, शिल्लक, खातं चालू का बंद हे बघते आणि हो किंवा नाही कळवते. पूर्वी ह्याला साधारण दुसरा कामकाजाचा दिवस उजाडायचा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेनं पद्धत बदलली, आता सकाळी १० ते दुपारी ४ मध्ये स्कॅन झालेले चेक दिवसभर लगेच पुढं पाठवले जातात आणि समोरच्या बँकेला त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत उत्तर द्यावं लागतं. हे चांगलं झालं, पण ठगांना ह्यातून बोलायला नवीन वाक्य मिळालं, आता चेक एका दिवसात पास होतो साहेब, तुम्ही जुन्या जमान्यात आहात. होतो पास, पण वेळेत स्कॅन झाला तर, आणि बँक चालू असली तर. शुक्रवारी दुपारनंतर पेटीत टाकलेला चेक, पुढं दुसरा किंवा चौथा शनिवार, मग रविवार, म्हणजे सोमवारपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. हे लोक दिवस बघूनच फोन करतात. दसरा-दिवाळीच्या सुट्ट्या लागून आल्या की जास्तच.

म्हणून मेसेजमध्ये 'जमा' हा शब्द दिसला तरी थांबा, पुढं अधीन, कलेक्शन, क्लिअरिंग, रिअलायझेशन ह्यातलं काही लिहिलंय का बघा. बँकेच्या ॲपमध्ये पण काही ठिकाणी दोन आकडे दिसतात, एकूण शिल्लक आणि वापरता येणारी शिल्लक. तुमचा आकडा दुसरा.

अमेरिकेत शिकायला गेलेल्या पोरांच्या घरच्यांसाठी एक सांगून ठेवतो, कारण आमच्या भागातली बरीच पोरं तिकडं आहेत आणि रूम सोडताना फर्निचर विकतात. तिकडं कायद्यानं बँकेला चेकचे पैसे एक-दोन दिवसांतच वापरायला द्यावे लागतात, चेक खोटा आहे हे मात्र कधी कधी काही आठवड्यांनी उघडं पडतं, आणि मग बँक ती रक्कम चेक जमा करणाऱ्याकडूनच परत घेते. म्हणजे तिथं खात्यात पैसे दिसले, काढता आले, तरी चेक खरा ठरत नाही. आणि बँकेनं स्वतः काढलेला म्हणून जो कॅशियर्स चेक असतो त्याच्या नकला पण तिकडं खूप फिरतात. जास्त रकमेचा चेक देऊन वरचे परत मागायचे ही युक्ती तिकडं फार जुनी आहे, दाजींबरोबर जे झालं ते तेच.

जाहिरात टाकायच्या आधी

घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की वस्तू विकायला काढली आहे आणि पैसे आले का नाही हे ठरवणार एकच माणूस. दाजींच्या घरी ताईला वाटलं दाजींनी बघितलं असंल, दाजींना वाटलं मेसेज आलाय म्हणजे झालं. खात्याचं मोबाईल ॲप किंवा मिस कॉलवर शिल्लक कळायची सोय आधीच चालू करून घ्या, ऐन सौद्याच्या वेळी पासवर्ड आठवत बसू नका. शक्य असेल तर विक्रीसाठी एक वेगळं, कमी पैसे असलेलं खातं वापरा.

फोटो टाकताना मागं घराचा पत्ता, गाडीची आरसी, बिलावरचा मोबाईल नंबर दिसतोय का बघा. आधार, पॅन, पासबुकचं पहिलं पान कुणालाही पाठवू नका, गिऱ्हाईक कितीही म्हणला की आमच्या कंपनीला लागतं. हे फोटो पुढं दुसऱ्याला फसवताना 'हे बघा माझं आधार' म्हणून वापरतात, आणि पोलिस तुमच्या दारात येतात. जो तुम्हाला न मागता स्वतःचं ओळखपत्र पाठवतो, वर्दीतला फोटो, मिलिटरीचं कार्ड, माझी पोस्टिंग आहे लगेच निघायचंय म्हणतो, त्याचं पण तसंच, ते कार्ड बहुतेक दुसऱ्या कुणाचं तरी असतं.

गिऱ्हाईकाचा फोन आला की

खरं गिऱ्हाईक घासाघीस करतं. कूलरचा पंप चालतो का, किती उन्हाळे वापरला, दोनशे कमी करा, एवढं तरी विचारणारच. जो वस्तू न बघता, भाव न पाडता, पहिल्याच फोनवर पूर्ण किंमत देतो, वर म्हणतो जाहिरात काढून टाका आता, त्याच्यापासून सावध राहा. दुसरी खूण घाई. तिसरी खूण, वस्तू नेणारा वेगळा आणि पैसे देणारा वेगळा. ह्यातली एक खूण असली तर विचारपूस करा, तिन्ही असल्या तर सौदा सोडा, दुसरं गिऱ्हाईक येतं.

पैसे कसे देणार हे भाव ठरायच्या आधीच विचारा आणि तुमची अट सांगून टाका, खात्यात पैसे दिसले की वस्तू न्या, चेक असला तर पास झाल्यावर. खऱ्या माणसाला ह्याचा राग येत नाही. राग आला तर तोच रिझल्ट समजा.

आणि एक नियम कधीच मोडू नका, ज्यानं तुम्हाला पैसे द्यायचेत त्याला तुम्ही एक रुपया पण पाठवायचा नाही. जास्तीचे परत करा, भाडं द्या, गेट पास, इन्शुरन्स, खातं चेक करायला पाच रुपये टाका मी दहा टाकतो, सगळी नावं वेगळी आणि काम एकच. चुकून जास्त रकमेचा चेक लिहिला असं खरंच झालं असंल तर उपाय सोपा आहे, त्याला म्हणा तो चेक परत घेऊन जा आणि बरोबर रकमेचा दुसरा दे.

चेक हातात आलाच तर

काही वेळा चेक घ्यावा लागतो, ट्रॅक्टर-ट्रॉलीसारखी मोठी वस्तू असली की लोक चेकच देतात, आणि २ लाख किंवा त्याच्यावर रोख घ्यायला इन्कम टॅक्सच्या कायद्यानं बंदीच आहे. तर चेक उजेडात धरून बघा, कागदात सीटीएस-इंडिया असा वॉटरमार्क दिसायला पाहिजे. खाली पांढऱ्या पट्टीत आकडे असतात, त्यातले पहिले सहा चेक नंबरचे, पुढचे नऊ बँक-शाखेच्या कोडचे. त्या नवातले पहिले तीन शहराच्या पिनकोडशी जुळतात, लातूरचे ४१३, नांदेड-परभणीकडचे ४३१. चेकवर शाखा एका शहराची छापलेली आणि आकडे दुसऱ्याच शहराचे असतील तर विचारा. तारखेपासून तीन महिने झालेला चेक चालत नाही. नाव किंवा रक्कम खोडून दुरुस्त केली असली तर सही करून दिली तरी घेऊ नका, क्लिअरिंगमध्ये असली खाडाखोड चालत नाही.

माझ्या दुकानात मी हे करून दाखवतो, खऱ्या चेकची झेरॉक्स काढली की मूळ कागदावर नीट न दिसणारी व्हॉइड ही इंग्रजी अक्षरं कॉपीवर उमटतात, ती सोय छपाईतच केलेली असते. पण ह्याच्यावर फार विसंबू नका हो. दाजींना मिळालेला चेक छापील आणि अस्सलच होता, फक्त बंद खात्याचा. चोरीला गेलेल्या चेकबुकाचा कागद पण अस्सलच असतो. कागद तपासून खोटा चेक पकडता येईल, खरा चेक वटेल का नाही हे कळत नाही. डिमांड ड्राफ्टचं पण तसंच, ड्राफ्ट म्हणजे रोख पैसे असं मानू नका, ज्या बँकेचा आहे तिच्या शाखेत जाऊन, नंबर स्वतः शोधून, खात्री करा. त्याच्यावर छापलेल्या फोन नंबरवर फोन करू नका, तो नंबर पण त्यांनीच छापलेला असू शकतो.

चेक स्वतःच्या हातानं, स्वतःच्या शाखेत, काउंटरवर द्या, सकाळीच. शक्य असलं तर गिऱ्हाईकाला बरोबर घ्या. चेक त्याच बँकेचा असला तर बऱ्याचदा काउंटरवरच ट्रान्सफर होऊन जातो आणि दहा मिनिटांत विषय संपतो. दुसऱ्या बँकेचा असला तर थांबा. पन्नास हजार आणि त्यावरच्या चेकला पॉझिटिव्ह पे म्हणून सोय आहे, २०२१ च्या जानेवारीपासून, चेक देणारा आपल्या बँकेला आधीच कळवतो की मी अमुकच्या नावे एवढ्याचा चेक दिलाय. गिऱ्हाईकाला सांगा की तेवढं करून टाका, खरा माणूस करतो.

ऑनलाइन पाठवलं म्हणला तर

हे थोडक्यात सांगतो कारण बऱ्याच जणांना माहिती आहे. स्क्रीनशॉट बघायचाच नाही, तुमच्या खात्याची एंट्री बघायची. हिरव्या टिकचं पान दाखवणारी खोटी ॲपं मिळतात, समोर उभं राहून पैसे गेले म्हणून दाखवतात. बँकेचा मेसेज साध्या दहा अंकी मोबाईल नंबरवरून येत नाही, तसा आला तर तो खोटा. आमच्याकडं कुठल्याही ट्रान्सफरला लोक आरटीजीएस केलं म्हणतात, पण आरटीजीएस २ लाखांच्या खाली होतच नाही, त्यामुळं ३५,००० च्या लॅपटॉपला आरटीजीएसची पावती आली तर ती बनवलेलीच. एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची दुसरी पद्धत, २०१९ च्या डिसेंबरपासून चोवीस तास चालतं, दर अर्ध्या तासाला, सुट्टीला पण. त्यामुळं रविवार आहे म्हणून सोमवारी दिसतील हे कारण तिथं लागत नाही.

यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. क्यूआर कोड पण पैसे देणाऱ्यानं स्कॅन करायचा असतो. एका माणसानं दुसऱ्याला पैसे मागायची जी रिक्वेस्ट यायची ती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, दुकानदार-कंपन्यांची मात्र चालू आहे, त्यामुळं कुठल्यातरी ट्रेडर्सच्या नावानं रिक्वेस्ट आली तर हात लावू नका.

वस्तू देताना

पैसे दिसले, मग वस्तू. टेम्पो दारात उभा आहे, ड्रायव्हर भाडं वाढतंय म्हणतो, हमाल बसून आहेत, ह्या सगळ्याचा ताण मुद्दाम दिला जातो. टेम्पो परत गेला तर जाऊ द्या. गाडीच्या नंबरप्लेटचा आणि नेणाऱ्या माणसाचा फोटो काढा, त्याला सांगून काढा. साध्या वहीच्या पानावर लिहून घ्या की अमुक वस्तू, एवढ्याला, ह्या तारखेला, पैसे मिळाले, दोघांच्या सह्या.

मोटरसायकल असली तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून, त्याची झेरॉक्स ठेवून, आरटीओत नाव बदलल्याशिवाय विषय सोडू नका. गाडी एमएच २४ ची आणि नाव तुमचं राहिलं तर उद्या अपघाताची भरपाई तुमच्या नावावर येते, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये हेच सांगितलंय की कागदावर ज्याचं नाव तोच मालक.

फसलात तर

लाजू नका आणि वेळ घालवू नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, त्याच घटकेला, रात्री असलं तरी. व्यवहाराचा बारा अंकी नंबर, रक्कम, वेळ, समोरचा नंबर हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंत थांबवता येतात. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा, स्वतःच्या बँकेला लेखी द्या. दाजींनी मंगळवारी फोन केला, तोपर्यंत १२,००० तीन खात्यांतून पुढं गेले होते.

चेक परत आला तर बँकेकडून रिटर्न मेमो, म्हणजे चेक का परत आला ते लिहिलेला कागद, मागून घ्या, मूळ चेक पण. ज्याच्या खात्याचा चेक त्यानंच सही करून दिला असंल आणि पैसे नव्हते किंवा खातं बंद होतं, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८ लागतं. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, त्याला पैसे द्यायला १५ दिवस, नाही दिले तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात तक्रार. तुम्ही तो चेक ज्या शाखेतल्या तुमच्या खात्यात जमा केला त्या शाखेच्या भागातल्या कोर्टात केस चालते, सोलापूरला हेलपाटे घालावे लागत नाहीत. ह्या तारखा चुकवू नका, वकिलाकडं पहिल्याच आठवड्यात जा. पण चेकबुक चोरीचं असंल तर ज्याचं खातं तो माणूस पण फसलेलाच असतो, तिथं १३८ चा उपयोग नाही, तिथं पोलिसात फसवणुकीची तक्रार द्यायची, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. ठाणेदार म्हणला की हे सोलापूरचं प्रकरण आहे तिकडं जा, तर झिरो एफआयआर म्हणा, गुन्हा कुठंही घडला असला तरी नोंदवून घ्यावा लागतो. चॅट, स्लिपचा फोटो, कॉलची यादी डिलीट करू नका, रागाच्या भरात नंबर ब्लॉक करून सगळं पुसून टाकणारे लई बघितलेत.

दाजींनी मार्चमध्ये फवारणीचा पंप विकायला काढला. गिऱ्हाईक निलंग्याकडचं होतं, चेकच देतो म्हणलं. दाजी त्याला घेऊन सकाळी साडेदहाला औशाच्या शाखेत गेले, काउंटरवर चेक दिला, दोघं बाहेर चहा प्यायले, गिऱ्हाईक म्हणलं मी संध्याकाळी येतो. साडेसातला ॲपमध्ये चेक पास झाल्याची एंट्री दिसली. दाजींनी मला फोन करून त्या एंट्रीचे शेवटचे दोन शब्द पण वाचून दाखवले, मग गोठ्यातून पंप बाहेर काढला.